आणि संच

मागच्या नवरात्रात हाती आलेली एक कार्यक्रमपत्रिका मी जपून ठेवली आहे. गुळगुळीत कागदावर चार रंगांत छापलेली. वर आई तुळजाभवानीचा फोटो, त्याखाली उद्घाटक, अध्यक्ष, स्वागताध्यक्ष, प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती आणि तळाशी दोन रकान्यांत विनीत. कार्यक्रम सुरू व्हायला उशीर होता म्हणून नावं मोजली. एकतीस भरली. त्यातल्या कुणालाही त्या संध्याकाळी गायचं नव्हतं. ज्यांना गायचं होतं त्यांच्या वाट्याला एक ओळ आली होती : ‘पारंपरिक आराधी गीते – स्थानिक आराधी मंडळ आणि संच’. मंडळ म्हणजेच संच, पण ‘आणि संच’ लिहिल्याशिवाय आपल्याकडे पत्रिका पुरी होत नाही.

भाषणं आटोपून गाणं सुरू व्हायला साडेनऊ वाजले. पुढं बसलेली बाई साठीच्या आसपासची, गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर कुंकू. तिनं पहिली ओळ टाकली आणि थांबली. मागच्या दोघींनी ती झेलली. मग तिनं तीच ओळ पुन्हा घेतली, पण या खेपेला शेवटचा शब्द असा मागे रेटून धरला की संबळवाला वाजवता वाजवता तिच्याकडे बघायला लागला. ही समेवर यायची विसरते की काय, असं त्याला वाटलं असावं. ती विसरली नव्हती. त्याचा ठोका पडून गेला आणि मग ती आली, नेमकी तिला यायचं होतं तिथं. साथीला पेटी नव्हती हे फार बरं झालं. तिचा गंधार पेटीच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत राहणारा होता. पेटीवाल्यानं तो एका बाजूला ओढला असता आणि सगळं गाणं शाळेच्या स्वागतगीतासारखं सरळ झालं असतं.

निवेदकानं नंतर माईकवरून सांगितलं की, आपल्या मातीची परंपरा या माउलींनी जपली आहे. प्रत्येकीला श्रीफळ आणि साडी. टाळ्या. मी मंडपामागे जाऊन विचारलं, ‘‘मावशी, तुमचं नाव काय?’’ ती हसली. ‘‘नाव घिऊन काय करतावं? गाणं देवीचं हाय.’’

त्या रात्री घरी येऊन मी बेसी स्मिथ ऐकत बसलो. आणि तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात बसली आहे, ती इथं मांडतो. आपण ज्याला परंपरा म्हणून हार घालतो ते अनेकदा एका विशिष्ट बाईचं, तिनं स्वतः विचार करून घडवलेलं काम असतं. ते परंपरेच्या खात्यावर जमा करणं हा आदर वाटत असला तरी तो आळस आहे, आणि त्या आळसाची किंमत ती बाई भरते.

बेसी स्मिथचं नाव आपल्याकडच्या फार थोड्या घरांत माहीत असेल, म्हणून जरा सांगायला हवं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या टेनेसी राज्यात चॅटनुगा नावाच्या गावी 1894 च्या सुमारास जन्म. काळ्या, गरीब घरातली. आईबाप लहानपणीच गेले. भाऊ गिटार वाजवायचा आणि ही रस्त्यावर उभी राहून गायची, समोर लोकांनी टाकलेली चिल्लर. 1912 मध्ये एका फिरत्या तमाशासारख्या कंपनीत ती लागली, तीही नाचायला. त्या कंपनीत मा रेनी ही तेव्हाची मोठी ब्लूज गायिका होती. पुढं दहा-अकरा वर्षं तंबू, जत्रा, लहानमोठी थिएटरं. 1923 मध्ये कोलंबिया कंपनीनं तिची ‘डाउनहार्टेड ब्लूज’ ही रेकॉर्ड काढली आणि ती लाखांच्या हिशेबात खपली. त्याआधी तिचा आवाज फार रांगडा म्हणून कंपन्यांनी नाकारला होता. नाकारणाऱ्यांत ब्लॅक स्वान ही काळ्या माणसांनीच काढलेली कंपनीही होती. रांगडेपणाची लाज परक्यांपेक्षा आपल्यांनाच आधी वाटते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

ब्लूजची बांधणी वरवर बघितली तर अगदी साधी. चार-चार मात्रांची बारा घरं. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसरी ओळ त्या दोघींना उत्तर देणारी. ओळीनंतर जी जागा मोकळी राहते तिथं वाद्य बोलतं. ओळ दोनदा का म्हणायची? एक तर ऐकणाऱ्याच्या मनात ती मुरावी म्हणून. दुसरं, गाणाऱ्याला तिसरी ओळ सुचायला तेवढा वेळ मिळतो. आता जात्यावर बसलेली बाई आठवा. तीही पहिली ओळ म्हणते, ती पुन्हा वळवून घेते, मध्ये ‘बाई’, ‘गं’, ‘माझ्या’ असे शब्द पेरते, समोरची तिला दुजोरा देते, आणि तोवर पुढची ओळ खुंट्याबरोबर फिरत तयार होते. मूठभर सुरांत सगळा कारभार. मागे दगडाची घरघर, तीच तिची तंबोऱ्याची जोड. मिसिसिपीच्या कापसाच्या रानातल्या बाईनं आणि आमच्याकडच्या कळंब तालुक्यातल्या बाईनं एकमेकींना कधी पाहिलं नाही. राबणारा हात आणि दमणारा श्वास यांचा हिशेब दोन्हीकडे एकच असल्यामुळे गाण्याची बांधणी जवळजवळ एकच निघाली. मला यात गूढ काही वाटत नाही.

पण इथंच एक घसरण आहे. बांधणी सगळ्यांची असते, म्हणून गाणंही सगळ्यांचं असतं, असं आपण धरून चालतो. बारा घरं हजारोंनी वापरली. त्या घरांत शब्द किती उशिरा ठेवायचा, कुठला स्वर वाकवायचा, कुठं श्वासच घ्यायचा नाही, हे बेसी स्मिथचं स्वतःचं होतं. 1925 मध्ये तिनं लुई आर्मस्ट्राँगबरोबर गायलेलं ‘सेंट लुईस ब्लूज’ ऐका. बाजाची पेटी संथ सूर धरून आहे, बेसी एक ओळ टाकते, आर्मस्ट्राँगचं कॉर्नेट उत्तर देतं. तिला घाई नाही आणि ती कुणाची वाट बघतही नाही. मंडपातल्या त्या मावशीनं संबळवाल्याला जे केलं तेच हे. फरक इतकाच की बेसीनं केलेल्या गोष्टीला अभ्यासक शैली म्हणतात आणि मावशीनं केलेल्या गोष्टीला आपण परंपरा म्हणतो.

अमेरिकेतही आधी असंच चाललं होतं. डब्ल्यू. सी. हॅंडी या संगीतकारानं 1903 च्या सुमाराची आठवण लिहून ठेवली आहे. मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर रात्री गाडीची वाट बघताना त्याला डुलकी लागली होती. जाग आली तेव्हा शेजारी फाटक्या कपड्यांतला एक काळा माणूस गिटारच्या तारांवर सुरी सरकवत गात होता, तीच ओळ पुन:पुन्हा. हॅंडी ते सूर विसरला नाही. 1914 मध्ये त्यानं स्वतःचं ‘सेंट लुईस ब्लूज’ छापलं आणि 1941 साली आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नाव ‘ब्लूजचा जनक’. स्टेशनवरच्या माणसाचं नाव त्यात नाही. हॅंडीनं विचारलंच नव्हतं. त्याच काळात हॉवर्ड ओडम या अभ्यासकानं दक्षिणेतल्या काळ्या लोकांची शेकडो गाणी टिपली आणि 1911 मध्ये प्रसिद्ध केली. गाणी राहिली, गाणारे बहुतेक निनावी राहिले. हॅंडी काय किंवा ओडम काय, दोघांचंही त्या गाण्यांवर प्रेम होतं, यात शंका घ्यायला जागा नाही. प्रेमानं नाव लिहून घेतलं नाही, एवढं मात्र खरं.

नाव छापलं ते लोभानं. 1920 मध्ये मेमी स्मिथ या दुसऱ्या गायिकेच्या ‘क्रेझी ब्लूज’ची रेकॉर्ड निघाली आणि कंपन्यांच्या लक्षात आलं की काळी माणसंही पैसे मोजून रेकॉर्ड घेतात. मग त्यांच्यासाठी वेगळा माल, वेगळी यादी, वेगळं दुकान. गोऱ्यांच्या गिऱ्हाइकीला त्याचा विटाळ नको. हेतू इतका मळका. पण दुसरी रेकॉर्ड खपवायची तर पहिली कुणाची होती ते गिऱ्हाइकाला कळायला हवं, म्हणून तबकडीच्या गोल कागदावर नाव आलं. त्या नावामुळे न्यू ऑर्लिन्समधली एक पोरगी बेसीच्या रेकॉर्डी ऐकत मोठी झाली, ती पुढची गायिका महालिया जॅक्सन. गायिका बिली हॉलिडेनं आपण कुणाकडून घेतलं हे विचारल्यावर दोनच नावं सांगितली, बेसी स्मिथ आणि आर्मस्ट्राँग. प्रभाव प्रभाव म्हणतात तो असा मोजता येतो. आपल्याकडे कुठल्या आराधिणीची फिरत कुठल्या आराधिणीच्या गळ्यात गेली, हे सांगायला कुणाकडे काय आहे? दोन्ही टोकांना ‘संच’ आहे.

याचा आपल्या देशातला दाखला तर जास्तच गोड आहे. नोव्हेंबर 1902 मध्ये फ्रेड गायस्बर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा माणूस कोलकात्यात आला आणि हॉटेलच्या खोलीत यंत्र मांडून त्यानं गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. गाणं संपता संपता गौहरजान इंग्रजीत खणखणीत सांगते की माझं नाव गौहरजान. ही मिजास नव्हती. तबकड्या छापायला जर्मनीत हानोवरला जायच्या. तिथल्या कारागिराला सगळ्या हिंदुस्थानी बायका सारख्याच ऐकू येणार. कुठल्या तबकडीवर कुणाचा कागद चिकटवायचा हे त्याला कळावं म्हणून ही सोय. पण ऐकताना ती सोय वाटत नाही. गाण्याच्या शेवटी गाणाऱ्यानं आपलं नाव सांगायचं, हे आपल्या कानाला अगदी ओळखीचं आहे.

कारण ते आपलंच आहे. धाराशिवपासून जेमतेम तासाभराच्या वाटेवर तेर आहे. तेराव्या शतकात तिथला एक कुंभार मडकी घडवत अभंग रचत होता आणि प्रत्येक अभंगाच्या शेवटच्या चरणात आपलं नाव घालत होता, जातीसकट. गोरोबाकाकांना अहंकार होता असं म्हणायची कुणाची छाती नाही. गंगाखेडहून आलेली जनाबाई, दुसऱ्याच्या घरी दळणकांडण करणारी, तीसुद्धा नामदेवाशी आपलं नातं सांगत मुद्रा ठेवते. देवाचं गाणं गायचं म्हणजे स्वतःचं नाव पुसायचं, हा नियम आपल्या संतांनी कधी पाळला नाही. उलट, हे बोलणं माझं आहे, याला मी जबाबदार आहे, हे सांगायची ती रीत होती. तेव्हा ‘गाणं देवीचं, नाव कशाला’ हे त्या मावशीचं वाक्य ऐकून ज्यांचे डोळे भरून येतात त्यांना मला विचारावंसं वाटतं की ही नम्रता तिची, की तिला आजवर कुणी नाव विचारलंच नाही म्हणून तिनं काढलेली समजूत? सत्कार घेताना स्वागताध्यक्ष काही म्हणाले नाहीत की मंडप देवीचा आहे, माझं नाव कशाला.

तेरच्या संग्रहालयात गेलात तर एक गंमत दिसेल. सातवाहनांच्या काळातल्या मातीच्या बाहुल्या, हस्तिदंती स्त्री, काय काय आहे तिथं. ज्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर हे सगळं वेचून गोळा केलं त्यांचं नाव दारावर आहे, आणि ते असायलाच हवं. त्या बाहुल्या घडवणारी बोटं मात्र निनावी. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराला आता कुठं शोधणार; तिथं इलाज नाही. आराधीण मात्र मागच्या नवरात्रात मंडपात होती. तिच्या बाबतीतही आपण संग्रहालयासारखं वागतो. ओव्यांची पुस्तकं बघा. साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’पासून आपल्याकडे मोठमोठे संग्रह झाले, त्या माणसांचे उपकार फेडता येणार नाहीत. पण मुखपृष्ठावर नाव असतं ते वेचणाऱ्याचं, आणि आतली ओवी असते ‘स्त्रियांची’.

वेगळं करता येतं, आणि आपल्याकडे ते झालंही आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रकल्प केला त्यात एक लाखाहून जास्त ओव्या, अकराशेच्या वर गावं आणि तीन हजारांहून जास्त गाणाऱ्या बाया नोंदवल्या गेल्या. ओवीसमोर बाईचं नाव, गावाचं नाव. 1996 मध्ये त्यांनी परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगुबाई आंबोरेंचा आवाज टिपला. पुढं 2017 पासून ‘पारी’ या संकेतस्थळानं हा ठेवा लोकांपुढे आणायला सुरुवात केली. गंगुबाईंचं गाणं एकदा ऐका आणि मग ‘लोकगीत’ हा शब्द उच्चारून बघा. तो तोकडा पडतो. लोक गात नाहीत, गंगुबाई गाते.

नाव असलं की आणखी एक होतं, ज्याचा विचार आपण करत नाही. खोटं दुरुस्त होतं. बेसी स्मिथ 26 सप्टेंबर 1937 ला मिसिसिपीत क्लार्क्सडेलजवळ मोटार अपघातात गेली. गोऱ्यांच्या दवाखान्यानं दारातून परत पाठवल्यामुळे ती मेली, अशी बातमी पसरली. त्यावर एडवर्ड ऑल्बीनं नाटक लिहिलं. त्या काळच्या दक्षिणेत ते सहज घडलं असतं, म्हणून सगळ्यांना पटलं. पुढं चरित्रकार ख्रिस अल्बर्टसननं अपघाताच्या जागी पोचलेल्या डॉक्टरलाच गाठलं आणि कळलं की तिला थेट काळ्यांच्या दवाखान्यातच नेलं होतं. निनावी बाईच्या मरणाचा असा शोध कोण घेणार? तिच्याबद्दल फक्त दंतकथा होतात, आणि दंतकथा फार सोयीच्या असतात.

बेसीचंच दुसरं एक गाणं. फेब्रुवारी 1927 मध्ये तिनं पुरात बुडालेल्या घरांवर ‘बॅकवॉटर ब्लूज’ मुद्रित केलं आणि दोनच महिन्यांत मिसिसिपीला तो प्रलयंकारी पूर आला. गाणं पुराआधीचं, तरी ते त्या पुराचंच होऊन बसलं. माझ्या मनात दर वेळी 30 सप्टेंबर 1993 ची पहाट येते. लोहारा तालुक्यातलं सास्तूर, पलीकडे किल्लारी, पहाटे चारच्या आतबाहेर काही सेकंद, आणि दहा हजारांच्या घरात माणसं दगडमातीखाली. मेलेल्यांचे आकडे आहेत, पुनर्वसनाचे अहवाल आहेत. पत्र्याच्या शेडमध्ये त्या वर्षी ज्या बाया रडत रडत ओव्या गायल्या, त्या ओव्या कुणाच्या नावावर आहेत?

आता माझ्याविरुद्ध बोलतो, कारण बाजू सोपी नाही. नाव छापून आलं म्हणजे भलं झालं, असं बेसीचंच आयुष्य म्हणू देत नाही. कोलंबिया तिला दर गाण्याला ठोक रक्कम द्यायची, खपावर हिस्सा नाही. लाखो तबकड्यांवर जिचं नाव होतं तिच्या थडग्यावर ते नव्हतं. फिलाडेल्फियाजवळच्या दफनभूमीत ती 33 वर्षं दगडाशिवाय पडून होती. 1970 मध्ये जॅनिस जॉप्लिन ही गोरी गायिका आणि लहानपणी बेसीच्या घरी काम केलेल्या हुआनिता ग्रीन यांनी मिळून दगड बसवला. आपल्या विठाबाई नारायणगावकर आठवा. 1957 आणि 1990 असे दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव, बासष्टच्या युद्धात जवानांपुढे कार्यक्रम, आणि 2002 मध्ये मरण आलं ते हलाखीत. राज्य सरकारनं त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार नंतर सुरू केला.

बाईच्या बाबतीत नावाला आणखी एक काटा आहे. आमच्याच धाराशिव जिल्ह्यात चोराखळीकडं कलाकेंद्रं आहेत. तिथं गाणाऱ्या-नाचणाऱ्या बाईचं नाव पंचक्रोशीत सगळ्यांना पाठ असतं, पण ते कुजबुजीत घेतलं जातं. नाव पुढं आलं की पाठोपाठ आडनाव, गाव, जात, चारित्र्य सगळं चव्हाट्यावर. आराधी मंडळातल्या बाईला हे न सांगता कळतं. ‘संच’ या शब्दाची तिला सावली मिळते, उन्हापासून आणि नजरांपासूनही. हे मी नाकारत नाही. तरी सावलीत कुणाला किती वेळ बसायचं हे तिनं ठरवावं. पत्रिका छापणाऱ्यानं परस्पर ठरवलेलं आहे, याला माझी हरकत आहे. विचारावं, ती नको म्हणाली तर नको. विचारलंच जात नाही.

यात मोबाईलनं भर घातली आहे. त्या रात्री मंडपात निदान पन्नास जण चित्रीकरण करत होते. दुसऱ्या दिवशी मावशीचा आवाज माझ्याच फोनवर तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून आला. प्रत्येक चित्रफितीवर चॅनेलचं नाव ठळक, एकावर तर पसरवणाऱ्याचा फोटोसुद्धा. खाली मथळा : ‘पारंपरिक आराधी गीत, हृदयस्पर्शी आवाज’. आवाज कुणाचा, ते नाही. हॅंडीला निदान गाडी पकडायची घाई होती.

आणि हे सगळं कुठं? ज्या जिल्ह्यानं स्वतःच्या नावासाठी इतकी वर्षं घालवली तिथं. निजामाच्या नावावरून उस्मानाबाद झालेलं आमचं गाव कागदोपत्री धाराशिव व्हायला 2023 साल उजाडलं. त्यावर सभा झाल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, दुकानांच्या पाट्या बदलल्या. नावात काय आहे असं म्हणणारा माणूस या जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. अशा जिल्ह्यात आश्विनी पौर्णिमेला तुळजापूरच्या वाटेनं आणि चैत्रात येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेत शेकडो आराधिणी गात जातात, आणि त्यांतल्या दहाजणींची नावं सांगा म्हटलं तर सांस्कृतिक विषयावर तासभर बोलणारा माणूस दुसरीकडे बघायला लागतो. मीही त्यातलाच. त्या मावशीनं हसून टाळल्यावर मी दुसऱ्यांदा विचारलं नाही; मलाही शेवटची बस गाठायची होती.

गोरोबाकाकांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. संतमंडळी जमली होती, काकांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारून कुठलं मडकं पक्कं, कुठलं कच्चं ते सांगितलं. नामदेव कच्चा निघाला. त्या गोष्टीतलं अध्यात्म बाजूला ठेवलं तरी कुंभाराची एक सवय उरते, वाजवून बघायची, आणि एक एक करून वाजवून बघायची. आख्ख्या आव्याला मिळून पक्कं म्हणायचं नाही. आराधी गाण्याला आपण हा मानच दिलेला नाही. कुणी बरी गाते, कुणी वाईट गाते, कुणी तर काळजाला हात घालते. हे मंडपातल्या प्रत्येक म्हातारीला कळतं. लिहिताना, छापताना, बोलताना मात्र सगळ्या सारख्याच ‘माउली’. चुकलेल्या गाण्यावर टीका होत नाही तिथं साधलेल्या गाण्याचं कौतुकही पोकळच राहतं.

म्हणून मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना, छापखानेवाल्यांना आणि चित्रफिती फिरवणाऱ्या पोरांना एक विनंती. पुढच्या नवरात्राची पत्रिका टाकायच्या आधी गाणाऱ्या बायांकडे जाऊन बसा. पुढं कोण गाते, झेलते कोण, चौंडकं कोणाच्या हातात, संबळ कोणाचा, गाव कुठलं, हे विचारा आणि ज्यांची ना नाही त्यांची नावं छापा. आठ-दहा ओळी लागतील. कागद अपुरा पडला तर प्रमुख उपस्थितीतली तेवढी कमी करा.